सासूबाई म्हणतात पारायणाला बस, भाऊ म्हणतो डॉक्टरकडे जा

प्रश्न: दीड वर्षापूर्वी हायवेवर आमच्या गाडीला ट्रकनं धडक दिली. माझे पती जागीच गेले, मी शेजारच्या सीटवर होते. त्या दिवशी निघायची घाई मीच केली होती. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. अजूनही ब्रेक दाबल्याचा आवाज आला की हातपाय गार पडतात. रात्री दचकून जाग येते. त्या रस्त्यानं मी जातच नाही. घर माळकरी आहे. सासूबाई म्हणतात, नाम घे, पारायणाला बस, सगळं त्याच्यावर सोड. भाऊ म्हणतो, हे सगळं बंद कर आणि डॉक्टर गाठ. मला नाम सोडायचं नाही, पण विठ्ठलासमोर बसलं की रागच येतो. श्रद्धा धरून समुपदेशन होतं का? कुणाकडे जायचं? आणि यंदा वारीला जाऊ का?

उत्तर: ताई, आधी भावाच्या बाजूनं बोलते, कारण ते लवकर आटोपतं.

आवाजानं हातपाय गार पडणं, झोपेतून दचकणं, रस्ता टाळणं, यातलं काहीही तुमची भक्ती कमी पडल्यामुळे होत नाही. जिवावर बेतलेला प्रसंग मेंदू इतर आठवणींसारखा साठवत नाही. लग्नाची आठवण आली तर ती घडून गेलेली गोष्ट म्हणून येते. अपघाताची आठवण आत्ता घडतंय अशी येते, वासासकट, आवाजासकट. वैद्यकीय भाषेत याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार म्हणतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८० साली हे निदान आपल्या यादीत घेतलं तेव्हा डोळ्यांसमोर प्रामुख्यानं व्हिएतनामहून परतलेले सैनिक होते. आज माझ्यासमोर बसणारी माणसं अपघातातून, जळितातून, घरातल्या मारहाणीतून आलेली असतात. आघात झालेले बहुतेक लोक काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप सावरतात. लक्षणं महिन्याच्या पुढे टिकली आणि रोजच्या जगण्यात आड येऊ लागली, तर मात्र तपासणी करून घ्यावी. तुम्हाला दीड वर्ष झालंय. चार ओळी वाचून मी निदान करणार नाही, पण आणखी थांबण्यासारखं काही उरलेलं नाही, हे नक्की सांगते.

भाऊ तेवढ्यापुरता बरोबर आहे. ‘हे सगळं बंद कर’ म्हणतो तिथे तो चुकतो.

आता रागाचं. ते तुम्ही एकाच वाक्यात, जवळजवळ ओशाळून लिहिलं आहे, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. केनेथ पार्गामेंट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं संकटात माणसं धर्माचा आधार कसा घेतात यावर आयुष्यभर काम केलं. त्याची एक छोटी प्रश्नावली आहे, १४ वाक्यांची. सात वाक्यं आधाराची: देव माझ्या पाठीशी आहे, मी त्याच्याकडे बळ मागतो. उरलेली सात झगड्याची: देवानं मला टाकलं, ही मला शिक्षा आहे, त्याचं माझ्यावर प्रेम आहे की नाही कोण जाणे. एकाच माणसात दोन्ही असू शकतात. दुसऱ्या सातांत माणूस दीर्घकाळ एकटा अडकून पडला, तर त्रास वाढतो. मी ‘एकटा’ म्हणाले ते मुद्दाम. रागानं होत नाही एवढं नुकसान राग लपवल्यानं होतं. माळकरी घरातल्या सुनेनं विठ्ठलावर चिडायचं कसं, म्हणून तुम्ही तो गिळताय.

पण ज्या परंपरेची माळ तुमच्या गळ्यात आहे तिनं हा राग कधी लपवला नाही. जनाबाई विठ्ठलाला ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ म्हणून शिव्या घालते, आणि ते अभंग म्हणून गाइलं जातं. तुकोबांच्या घरात दुष्काळानं बायको अन्न अन्न करत मेली, ते त्यांनी तसंच लिहून ठेवलं, साखर न लावता. ख्रिस्ती कुटुंबं येतात तेव्हा मी त्यांना बायबलमधल्या स्तोत्रसंहितेकडे पाठवते. तिथल्या दीडशे स्तोत्रांतली कितीतरी निव्वळ विलापाची आहेत, आणि ८८वं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, दिलाशाची एक ओळ नाही. वसईकडची आणि नगरकडची काही मंडळी हे वाचून अक्षरशः सुटल्यासारखी रडतात, कारण प्रार्थनेत फक्त आभार मानायचे असतात अशी त्यांची समजूत करून दिलेली असते.

तेव्हा पहिलं काम हे करा. देवघरासमोर बसा आणि जे वाटतं ते बोला. मोठ्यानं, भांडण करत. सासूबाई घरात असतील तर वहीत लिहा. पहिल्या दिवशी दोनच वाक्यं येतील. येऊ द्या.

यातून दुसरी गोष्ट निघते, आणि कीर्तनकारांशी माझं इथेच बिनसतं. तुकोबांचाच अभंग आहे, ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’. दुष्काळ पडला ते बरं झालं, धन गेलं ते बरं झालं. ते हे म्हणू शकले, कारण दिवाळं त्यांचं निघालं होतं. हेच वाक्य शेजारच्या माणसानं तुकोबांना दारात येऊन ऐकवलं असतं तर? प्रारब्ध, भोग, ‘त्याची इच्छा’ या शब्दांचं तसंच आहे. ज्याच्यावर बेतलं त्यानं खूप चालून गेल्यावर ते स्वतः उच्चारले तर त्यात कधीकधी खरा विसावा असतो. दुसऱ्यानं तेराव्याला उच्चारले की ती तोंड दाबण्याची रीत होते. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपलेले असताना, भूकंपानं हजारो माणसं गाडली. तिथे ढिगाऱ्याशी बसलेल्याला ‘तुमच्या कर्माचं फळ’ म्हणणाऱ्याला मी अध्यात्म कळलं असं मानायला तयार नाही. तुम्हाला कुणी ‘पांढऱ्या पायाची’ असं काही सूचित करत असेल, तोंडानं किंवा नजरेनं, तर तेही याच जातकुळीतलं. अपघाताच्या आघातावर आपण बांगड्या फोडण्याचा, कुंकू पुसण्याचा आणखी एक आघात करतो आणि त्याला रीत म्हणतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, मग राज्य सरकारनं इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. माझ्या खोलीत हा विषय निघतो तेव्हा बायका अपघाताबद्दल बोलताना आवरून धरलेलं सगळं बांगड्यांबद्दल बोलताना सोडून देतात.

आता नामाबद्दल. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सासूबाईंचं म्हणणं निम्मं अगदी खरं आहे.

संथ लयीत जप केला की श्वास मंदावतो. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांना लॅटिन जपमाळ आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ म्हणायला लावून मोजमाप केलं. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या ठोक्यांचं नियमन सुधारलेलं दिसलं. हरिपाठ टाळाच्या ठेक्यावर, चार जणींच्या आवाजात आवाज मिसळून म्हणताना तुम्हाला जे शांत वाटतं ते खोटं नाही. ते शरीरात घडतं. शिवाय रोज ठरल्या वेळी उठून काकड्याला जाणं, चार माणसांत बसणं, कुणीतरी ‘काल का नाही आलीस’ विचारणं, हे मी चिठ्ठीवर लिहून देऊ शकत नाही. आमच्या उपचारांत ही उणीव आहे. आठवड्यातला एक तास आम्ही देतो, उरलेले सगळे तास माणसाला कुणीतरी लागतं.

पण नाम दोन तऱ्हांनी घेता येतं. एक: आठवण आली, तिनं हादरवलं, मग नामानं शरीर पुन्हा जागेवर आणलं. दोन: आठवण येणार असं वाटलं की तिला आत येऊच द्यायचं नाही, म्हणून घाईघाईनं नाम सुरू केलं. पहिल्यात नाम तुम्हाला उभं करतं. दुसऱ्यात ते पळून जायची वाट होतं, आणि पीटीएसडी टाळण्यावरच जगतो. जितकं टाळाल तितकी मेंदूची खात्री पटते की ती आठवण खरोखरच जीवघेणी आहे. बाहेरून दोन्ही जप सारखेच दिसतात, म्हणून सासूबाईंना फरक कळणार नाही, तुम्हाला कळेल. गेल्या महिन्यात जपानंतर तुम्ही काही करू शकलात का, बाजारात गेलात, पतींचा फोटो हातात घेतलात, की जपाच्या आधारानं आणखी एक गोष्ट रद्द केलीत? प्रामाणिक उत्तर शोधा. पारायणाचंही असंच. सात दिवस वाचनात बुडून आठव्या दिवशी तीच रात्र समोर येत असेल तर पारायण वाया गेलं असं नाही, पण ज्या कामासाठी ते लावलं ते काम त्याचं नव्हतं.

ते काम कसं चालतं ते सांगते. एक पद्धत आहे प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर, मानसशास्त्रज्ञ एड्ना फोआ यांनी विकसित केलेली. साधारण ८ ते १५ बैठका, प्रत्येक दीडेक तासाची. त्यात तुम्ही डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात सांगता, पुन्हा पुन्हा, आणि घरी जाऊन टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीनं जाता: आधी रस्त्याचा फोटो, मग रिक्षातून त्या बाजूला, मग तो रस्ता. दुसऱ्या पद्धतीत, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीत, भर असतो अडकलेल्या विचारांवर. तिसरी ईएमडीआर, तिच्यात आठवण मनात धरून डोळ्यांची ठरावीक हालचाल केली जाते. आघातावर रोख असलेली विचार-वर्तन चिकित्सा आणि ईएमडीआर या दोन्हींची जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी शिफारस केली आहे. यातल्या एकाही पद्धतीसाठी तुम्हाला देव सोडावा लागत नाही. उलट तुमचा अडकलेला विचार पाहा: ‘मी घाई केली म्हणून ते गेले आणि म्हणून देवानं मला शिक्षा दिली.’ या वाक्यातला देव खोलीबाहेर ठेवून मला ते वाक्य उलगडताच येणार नाही. मी विचारीन, तुमच्या गाथ्यातला विठ्ठल घाई केल्याबद्दल नवरा मारून शिक्षा करतो का? असा विठ्ठल तुम्हाला कुणी, केव्हा शिकवला? ट्रक कुणी चालवत होतं? निघताना तुम्हाला काय माहीत होतं, आणि काय नंतर कळलं? हे पोकळ समाधान नाही. तासन्‌तास चालणारं, दमवणारं काम आहे.

कावळ्याबद्दलही तसंच. बुद्धिवादी माणूस सांगेल की घाटावर त्या दिवशी आणखी पाच दहावे होते, कावळ्यांची पोटं भरलेली होती. खरं असेलही. तुम्हाला त्यानं चैन पडणार नाही. मी वेगळीकडून बघते. ज्यांनी हा विधी घडवला त्यांना ठाऊक होतं की कावळा येईलच असं नाही, म्हणून त्यांनीच दर्भाच्या कावळ्याची सोय ठेवली आणि तेवढ्यावर विधी पुरा मानला. आणि कावळा शिवत नसला की घरची माणसं काय करतात? हात जोडून मोठ्यानं सांगतात: मुलांचं आम्ही बघू, आईला अंतर देणार नाही, तुम्ही निर्धास्त जा. विधीतला सगळ्यात शहाणा भाग मला हाच वाटतो. त्या दिवशी तुम्ही बहुतेक प्लास्टरमध्ये किंवा सुन्न होतात. तुमचं सांगायचं राहून गेलं. ते आता सांगता येईल. त्यांना पत्र लिहा, हवं तर उपचारकासमोर वाचा, आणि मनाला पटत असेल तर ज्यांनी दहावा केला त्या गुरुजींना विचारून वर्षश्राद्धाला किंवा पितृपक्षात घाटावर म्हणा. समजूतदार गुरुजी असतील तर ‘इच्छा राहिली होती म्हणून काही बाधा नाही’ हे त्यांच्याच तोंडून ऐकण्याला जे वजन आहे ते माझ्या शब्दांना नाही. मी अशा गुरुजींना फोन करते. त्यात मला कमीपणा वाटत नाही.

तर असं श्रद्धा धरून समुपदेशन कुठे मिळेल? सरळ सांगते: चर्चमध्ये धर्मगुरूंना समुपदेशनाचं रीतसर शिक्षण देण्याची आणि मिशन रुग्णालयांत रुग्णाजवळ बसणारा धर्मसेवक नेमण्याची प्रथा आहे. वारकरी किंवा एकूण हिंदू समाजात तशी व्यवस्था नाही. चांगले फडकरी, चांगले महाराज आहेत, ते ऐकून घेतात, पण आघातावर काम करण्याचं शिक्षण त्यांच्याकडे नसतं आणि त्यांच्याकडून ती अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. म्हणून ‘अध्यात्मिक समुपदेशक’ अशी पाटी शोधू नका. ती कुणीही लावू शकतो. शोधा आघातावर काम करणारा प्रशिक्षित माणूस, ज्याला तुमच्या माळेचं वावडं नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, मानसोपचारतज्ज्ञ असेल तर पदवी. विचारण्यात काही गैर नाही. पहिल्या भेटीत हेही विचारा: अपघातानंतरच्या लोकांवर तुम्ही कोणत्या पद्धतीनं काम करता? माझं नामस्मरण तुम्हाला कसं वाटतं? जो दुसऱ्या प्रश्नाला गालात हसेल तिथे पुन्हा जाऊ नका. जो पहिल्या प्रश्नाला ‘सकारात्मक विचार करायचे’ एवढंच म्हणेल, तिथेही नको.

गोळ्यांची गरज पडली तर घाबरू नका. सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन गटातली औषधं पीटीएसडीसाठी वापरली जातात, त्यांची नशा लागत नाही. फक्त सुरू-बंद डॉक्टरांना विचारूनच. गावाकडे सर्रास दिली जाते ती अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी मात्र या आजारात महिनोन्‌महिने घेण्याची नाही. घेत असाल तर एकदम तोडू नका, डॉक्टरांना सांगून कमी करा.

बुवाबाजीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण नातेवाइकांपैकी कुणीतरी कुठेतरी न्यायला निघणारच. जो औषध बंद करायला सांगतो, एकटीला आत बोलावतो, करणी-बाधा सांगून आकडा वाढवत नेतो, ‘घरी सांगू नका’ म्हणतो, तिथून उठून या. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, उपचार घेऊ न देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तमिळनाडूत एर्वाडी इथे ऑगस्ट २००१ मध्ये साखळीनं बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून गेले, ते श्रद्धेच्या ठिकाणीच आणले गेले होते. पण दुसरं उदाहरणही सांगायला हवं: गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात मुजावरांना प्रशिक्षण देऊन, दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराची सोय करण्यात आली. लोक दुआ मागायला येतात, तिथूनच दवेकडे पाठवले जातात. मला हा मार्ग भाषणांपेक्षा जास्त पटतो.

अंगात येण्याबद्दल एकच वाक्य: देवळात, सगळ्यांच्या संमतीनं, आल्यासारखं जात असेल तर तो आजार नव्हे, नको असताना, वारंवार, घरकाम मोडून येत असेल तर तपासायला हवं. आणि कुणी इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा सल्ला दिला तर सध्या नको. शिबिर वाईट म्हणून नव्हे. मौन पाळून रोज दहा-दहा तास स्वतःच्या शरीराकडे बघताना अपघात पुन्हा अंगावर येऊ शकतो, आणि तिथे तो हाताळणारं कुणी शेजारी नसतं. त्यांच्या अर्जात मानसिक त्रासाबद्दल प्रश्न असतो तो उगाच नाही. उपचार पुरे झाल्यावर पाहू.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांचा मुलगा गेला आहे, हे घरात सगळेच विसरतात, बहुधा त्याही. त्यांना म्हणा, ‘आत्याबाई, नाम चालू आहे, पण झोपेचं आणि भीतीचं डॉक्टरांकडे दाखवते. तुम्हीही एकदा माझ्याबरोबर चला.’ पुष्कळदा सुनेबरोबर आलेली सासू तिसऱ्या बैठकीला स्वतःचं बोलायला लागते.

जगणं नको असा विचार डोकावत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेली-मानसचा क्रमांक १४४१६, फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. घरात एकाला तरी सांगून ठेवा.

राहिली वारी. जा, पण आळंदीपासून पंढरपूरपर्यंत यंदा नको. रात्रीची झोप आधीच तुटलेली, तंबूत ती आणखी तुटेल. शिवाय सगळी वाट रस्त्याचीच आहे. वाहतूक वळवलेली असली तरी दिंड्यांचे सामानाचे ट्रक आजूबाजूनं जात-थांबत असतात, ब्रेक लागतात. उपचार आत्ता सुरू केलेत तर आषाढापर्यंत उपचारकाबरोबर एक टप्पा ठरवता येईल. लोणंद ते तरडगाव चांगला: चाल थोडी आहे, वाटेत चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. ओळखीच्या दिंडीत मध्यभागी चाला, कडेला नको. शेजारच्या एका बाईला आधी सांगून ठेवा की आवाजानं मी थबकले तर हात धरा, काही बोलू नका. आवाज आला, अंग गार पडलं, तर बाजूला जाऊन बसू नका. जमिनीवर पाय टेकून उभ्या राहा, ट्रक कुठला, रंग कोणता ते नीट बघा, आणि मग टाळाच्या ठेक्यात पुन्हा मिसळा. पाणी आणि चालू असलेल्या गोळ्या पिशवीत असू द्या. एकादशीच्या उपासासाठी गोळी चुकवायची नाही, हे सासूबाईंनाही सांगून ठेवा.